जालपटल-विकार : चिकित्सालयीन संशोधन व उपचार

डोळ्याच्या सर्वांत आतील प्रकाशसंवेदी पटलास जालपटल म्हणतात व त्याच्या रोगांना जालपटल-विकार अशी संज्ञा आहे. मोतीबिंदूमुळे गेलेली दृष्टी शस्त्रक्रियेने बहुधा परत येते. जालपटलाच्या नाशामुळे गेलेली दृष्टी सहसा परत येत नाही. त्यामुळे या विकारांच्या उपचारांत गेलेले परत मिळविण्यापेक्षा उरलेले राखणे हेच मुख्य उद्दिष्ट असते. मात्र राखलेली दृष्टी उपचारामुळे राहिली की उपचाराविनाही राहिलीच असती, हे एकट्या रुग्णाकडे पाहून कळू शकत नाही. ते कळण्याचा एकमेव मार्ग म्हणजे उपचार केलेल्या व न केलेल्या डोळ्यांची काटेकोर तुलना. अशा तुलनेवर आधारलेल्या संशोधनाने गेल्या सु. सात दशकांत जालपटल-विकारांच्या उपचारांचे स्वरूप बदलून टाकले. त्या संशोधनाची वाटचाल आणि वर्धा जिल्ह्यातील सेवाग्रामसारख्या ग्रामीण केंद्रात त्याच्या निष्कर्षांचा लागणारा अर्थ यांचे विवेचन प्रस्तुत नोंदीत केले आहे.

रचना व कार्य : जालपटलाची जाडी सु. ०·१ ते ०·३ मिमी. असते. त्यात प्रकाशग्राही कोशिकांचे दोन प्रकार आढळतात : मंद प्रकाशात उपयोगी पडणाऱ्या शलाका (सु. १२ कोटी) व तीव्र प्रकाशातील बारकावे आणि रंग ओळखणारे शंकू (सु. ६० लक्ष). शंकूंची सर्वाधिक दाटी मध्यभागीच्या पीतबिंदूत असते. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्या माणसाचा चेहरा ओळखणे ही कामे या लहानशा भागावर अवलंबून असतात. जालपटलाचा रक्तपुरवठा दुहेरी आहे. आतील थरांना मध्यवर्ती रोहिणीच्या शाखांकडून, तर बाहेरील थरांना मागील रंजितपटलाकडून ऑक्सिजन मिळतो. वजनाच्या मानाने जालपटलाची ऑक्सिजनाची गरज शरीरातील इतर बहुतेक ऊतकांपेक्षा अधिक असल्याने रक्तप्रवाहात थोडाही अडथळा आल्यास त्याला इजा पोहोचते.

जालपटलाला वेदना जाणवत नाही, ही गोष्ट रुग्णाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. पीतबिंदू शाबूत असेपर्यंत कडेच्या भागात कितीही नासधूस झाली, तरी रुग्णाला पत्ता लागत नाही. ग्रामीण भागात तर दृष्टी मंदावली की मोतीबिंदू धरला, असे मानून तो ‘पिकण्याची’ वाट पाहण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही. या प्रतीक्षेत जालपटलावरील उपचारांची वेळ निघून जाते.

निदानाची साधने : जर्मन शास्त्रज्ञ हेरमान फोन हेल्महोल्ट्स यांनी १८५१ मध्ये नेत्रतलदर्शकाचे वर्णन प्रसिद्ध केले आणि जिवंत माणसाचे जालपटल प्रथमच पाहता येऊ लागले. शरीरातील रक्तवाहिन्या कोणताही छेद न घेता प्रत्यक्ष दिसतात असे हे एकच ठिकाण आहे. १९६१ मध्ये हॅरल्ड नोव्हॉट्नी व डेव्हिड ॲल्व्हिस या अमेरिकेतील दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी हाताच्या नीलेत फ्ल्युओरेसीन हे रंजकद्रव्य टोचून जालपटलातील रक्ताभिसरणाची छायाचित्रे घेण्याची पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यामुळे गळणाऱ्या व बंद पडलेल्या केशवाहिन्या वेगवेगळ्या ओळखता आल्या. १९९१ मध्ये वर्णन झालेल्या व ओसीटी या नावाने परिचित असलेल्या उपकरणाने परावर्तित प्रकाशावरून जालपटलाच्या थरांची उभी छेदचित्रे मिळतात. पीतबिंदूवरील सूज मायक्रोमीटरमध्ये मोजता येऊ लागल्याने उपचारांच्या चाचण्यांना एक वस्तुनिष्ठ माप लाभले.

प्रकाशदाहन व पहिली मोठी चाचणी : ९ जुलै १९४५ रोजी झालेले सूर्यग्रहण उघड्या डोळ्यांनी पाहिल्यामुळे काही व्यक्तींच्या पीतबिंदूवर भाजल्याचे व्रण उमटले. ते तपासताना जर्मन नेत्रवैद्य गेर्ड मायर-श्विकेराट यांना असा व्रण मुद्दाम, हव्या त्या जागी पाडता आला तर जालपटलाची छिद्रे डकवून टाकता येतील, अशी कल्पना सुचली. त्यांनी प्रथम आरशांच्या साहाय्याने प्रत्यक्ष सूर्यप्रकाश व नंतर झेनॉन दीप वापरला. १९६० मध्ये लेसरचा शोध लागला आणि त्या दशकाच्या अखेरीस आर्‌गॉन लेसर नेत्रवैद्यकात आला.

मधुमेहजन्य जालपटल-विकृतीवर हा उपाय करून पाहण्यास तेव्हाच सुरुवात झाली होती. या विकृतीत दीर्घकाळ वाढलेल्या रक्तशर्करेमुळे केशवाहिन्यांच्या भित्ती कमकुवत होतात, त्यांना बारीक फुगे येतात, द्रव व मेद बाहेर झिरपतात आणि पुढे वाहिन्या बंद पडतात. उपासमार झालेल्या जालपटलातून निघणाऱ्या रासायनिक संकेतामुळे नव्या, ठिसूळ वाहिन्या फुटतात. त्यांतून काचाभ पिंडात रक्तस्राव होतो, तंतुमय पडदे तयार होतात व ते आकसले की जालपटल मागील पटलापासून ओढून सुटते. अशा रुग्णाला देण्याजोगे त्या काळी फारसे काही नव्हते. पोष ग्रंथी निकामी करण्याची शस्त्रक्रियाही केली जात असे. एका स्त्रीची पोष ग्रंथी प्रसूतीनंतर निकामी झाल्यावर तिची जालपटल-विकृती ओसरली, हे १९५३ मध्ये नोंदविलेले एकट्या रुग्णाचे निरीक्षण त्यामागे होते. प्रकाशदाहनाचीही स्थिती फार वेगळी नव्हती. काहींना गुण दिसे, काहींची दृष्टी दाहनानेच खालावे आणि प्रत्येक चिकित्सक आपल्या अनुभवाचा हवाला देई.

हा वाद सोडविण्यासाठी अमेरिकेच्या राष्ट्रीय नेत्रसंस्थेने १९७० नंतर लगेचच १५ केंद्रांत एक व्यापक चाचणी हाती घेतली. तिच्या रचनेत विलक्षण साधेपणा होता. दोन्ही डोळ्यांना विकृती असलेले १,७०० हून अधिक रुग्ण निवडले आणि प्रत्येकाच्या एका डोळ्यावर प्रकाशदाहन करून दुसरा तसाच ठेवला. कोणत्या डोळ्यावर उपचार करावयाचा हे चिकित्सकाने न ठरविता यदृच्छ निवडीने ठरले. दोन्ही डोळ्यांचे वय, आहार, रक्तशर्करा, रक्तदाब व वंश एकच असल्याने दोहोंत पुढे पडलेला फरक उपचाराचाच, असे खात्रीने म्हणता येई. मानवी शरीरात जोडीने असलेल्या इंद्रियाचा संशोधनासाठी इतका नेमका उपयोग क्वचितच झाला असेल.

दोन वर्षांत उपचार न केलेल्या डोळ्यांपैकी सु. १६ टक्के डोळ्यांची, तर उपचार केलेल्यांपैकी सु. ६ टक्के डोळ्यांची दृष्टी गंभीर प्रमाणात गेली. १९७६ मध्ये हे निष्कर्ष हाती येताच मूळ आराखडा बदलून धोक्याच्या अवस्थेतील राखून ठेवलेल्या डोळ्यांवरही उपचार करण्यास मुभा देण्यात आली. चाचणी संपेपर्यंत थांबून आणखी पक्के आकडे मिळविणे शक्य होते. परंतु त्यासाठी रुग्णांचे डोळे खर्ची घालणे नियंत्रकांनी नाकारले. उपचाराची किंमतही या चाचणीने लपविली नाही. विस्तृत दाहनाने बाजूची व रात्रीची दृष्टी काहीशी कमी होते. कडेच्या ऊतकाचा बळी देऊन मध्य वाचविण्याचाच हा उपाय आहे.

त्यानंतरच्या ३,७११ रुग्णांवरील दुसऱ्या चाचणीत पीतबिंदूवरील शोफाच्या जागी मर्यादित दाहन केल्यास मध्यम दृष्टिनाशाचा धोका निम्म्याने घटतो, असे १९८५ मध्ये जाहीर झाले. ॲस्पिरिनाने या विकृतीला लाभ होत नाही व हानीही होत नाही, हा तिचाच दुसरा निष्कर्ष. हृदयविकारासाठी ॲस्पिरीन घेणाऱ्या मधुमेही रुग्णाला डोळ्यांसाठी ते बंद करावे लागत नाही, असा त्याचा व्यावहारिक अर्थ होतो. १९९३ मध्ये अमेरिका व कॅनडा येथील १,४४१ रुग्णांवरील चाचणीने रक्तशर्करेच्या कडक नियंत्रणामुळे बालपणी वा तरुणपणी जडणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात जालपटल-विकृती उद्भवण्याचा धोका सु. ७६ टक्क्यांनी कमी होतो, असे दाखविले. १९९८ मध्ये ब्रिटनमधील दीर्घ अध्ययनाने प्रौढ वयातील मधुमेहात रक्तदाबाचे नियंत्रणही जवळजवळ तितकेच मोलाचे असल्याचे सिद्ध केले.

अंतःक्षेपणाने दिली जाणारी औषधे : नव्या वाहिन्यांना जन्म देणारा एखादा रासायनिक घटक उपाशी जालपटलातून स्रवत असावा, असा तर्क १९४८ मध्येच मांडला गेला होता. १९९४ मध्ये हा घटक, म्हणजे वाहिनी-अंतःस्तराच्या वाढीस चालना देणारे प्रथिन, मधुमेही रुग्णांच्या डोळ्यांतील द्रवात वाढलेले आढळले. त्याला निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे डोळ्यात टोचण्याची पद्धत २००५ नंतर रूढ झाली. वार्धक्यजन्य पीतबिंदू-अपकर्षाच्या स्रावी प्रकारात रॅनिबिझुमॅब या औषधाने दृष्टी केवळ टिकत नाही, तर काही रुग्णांत सुधारते, हे २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचण्यांत दिसले. या विकाराच्या उपचारात असे पूर्वी घडले नव्हते.

त्याच वेळी एक आर्थिक प्रश्न उभा राहिला. बेव्हॅसिझुमॅब हे मूळचे मोठ्या आतड्याच्या कर्करोगावरील औषध रासायनिक दृष्ट्या रॅनिबिझुमॅबचे निकटचे नातलग आहे. एका कुपीतून अनेक डोळ्यांपुरत्या मात्रा काढता येत असल्याने अमेरिकेत एका मात्रेचा खर्च सु. ५० डॉलर येई. रॅनिबिझुमॅबची मात्रा सु. २,००० डॉलरला पडे. स्वस्त औषध तितकेच चांगले आहे काय, हे तपासण्यात उत्पादकाला स्वारस्य असण्याचे कारण नव्हते. म्हणून शासकीय निधीतून सु. १,२०० रुग्णांवर चाचणी झाली आणि पीतबिंदू-अपकर्षात दोन्ही औषधे दृष्टीच्या बाबतीत समतुल्य असल्याचे २०११ मध्ये जाहीर झाले. सार्वजनिक पैशातून केलेल्या संशोधनाचा याहून रोकडा लाभ सापडणे कठीण. मधुमेहजन्य शोफाच्या बाबतीत २०१५ च्या चाचणीने यात एक दुरुस्ती केली : प्रारंभीची दृष्टी फारशी खालावलेली नसेल तर तीन प्रमुख औषधांत भेद नाही, ती बरीच खालावलेली असेल, तर पहिल्या वर्षात ॲफ्लिबरसेप्ट सरस ठरते. भारतात कुपीतून मात्रा काढताना होणाऱ्या जंतुसंसर्गाच्या घटनांमुळे २०१६ च्या प्रारंभी बेव्हॅसिझुमॅबच्या नेत्रांतर्गत वापरावर काही काळ रोख आला होता व तो त्याच वर्षी उठविण्यात आला. रॅनिबिझुमॅबचे भारतीय समजैविक रूप २०१५ पासून उपलब्ध आहे.

सेवाग्राममधील परिस्थिती : सेवाग्राम येथील कस्तुरबा रुग्णालयाचा आरंभ डॉ. सुशीला नय्यर यांनी १९४५ च्या सुमारास केला. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, त्याला जोडून महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था स्थापन झाली. ग्रामीण भागात उभारलेले हे देशातील पहिले वैद्यकीय महाविद्यालय होय. येथे वर्ध्याबरोबरच यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतून आणि सीमेपलीकडील तेलंगणातूनही रुग्ण येतात. परिसरातील गावांशी संस्थेचा संबंध केवळ रुग्ण पाठविणाऱ्यांचा नाही. पहिल्या वर्षाचे विद्यार्थी एखाद्या दत्तक गावात मुक्काम करून तेथील कुटुंबांची आरोग्यपाहणी करतात. १९८० च्या आसपास काही गावांत ज्वारीच्या रूपाने वार्षिक वर्गणी गोळा करून रुग्णालयीन उपचारांची सवलत देणारी योजनाही सुरू झाली होती. सुगीच्या वेळी हाती धान्य असते व पैसा नसतो, हे ओळखून केलेली ही रचना होती.

जालपटलावरील आधुनिक उपचार अशा प्रदेशात लागू करताना एक मूलभूत अडचण येते. जवळजवळ प्रत्येक मोठी चाचणी ठरलेल्या दिवशी न चुकता परत येणारा रुग्ण गृहीत धरते. चाचणीत त्याला स्मरणपत्रे जातात, दूरध्वनी केले जातात, प्रवासखर्चही पुष्कळदा मिळतो. सेवाग्रामला येणारा रुग्ण मृग लागला की पेरणीत, दिवाळीनंतर कापसाच्या वेचणीत गुंततो. बाहुली विस्फारणारे थेंब घातल्यावर त्या दिवशी नीट दिसत नसल्याने सोबत एक माणूस आणावा लागतो, म्हणजे दोघांची मजुरी बुडते. पहिल्या अंतःक्षेपणानंतर बरे वाटले तर पुढची खेप टळते आणि बरे वाटले नाही तरीही टळते.

याचा परिणाम उपचाराच्या निवडीवर कसा होतो, हे मधुमेहजन्य नववाहिनी-विकृतीच्या उदाहरणाने स्पष्ट होईल. अमेरिकेत ३०५ रुग्णांवर केलेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत विस्तृत प्रकाशदाहनाऐवजी केवळ रॅनिबिझुमॅब टोचल्यास दोन वर्षांनी दृष्टी कमी राहत नाही, शिवाय बाजूची दृष्टीही अधिक टिकते, असे आढळले. त्यासाठी दोन वर्षांत साधारणतः दहा अंतःक्षेपणे लागली. नवा उपचार जुन्यापेक्षा सरस आहे, असा समज यावरून सहज होतो. परंतु २०१९ मध्ये फिलाडेल्फिया येथील चिकित्सकांनी सहा महिन्यांहून अधिक काळ न फिरकलेल्या ५९ रुग्णांच्या ७६ डोळ्यांचा वृत्तांत दिला. परत आल्यावर केवळ अंतःक्षेपणे घेतलेल्यांपैकी १० डोळ्यांत जालपटल ओढले जाऊन सुटलेले होते. प्रकाशदाहन केलेल्यांपैकी अशा डोळ्याची संख्या एक होती. हे अध्ययन लहान व जुन्या नोंदींवर आधारलेले असल्याने त्याला यदृच्छ निवडीच्या चाचणीचे वजन नाही. तथापि त्याची दिशा शरीरक्रियाविज्ञानाला धरून आहे : औषधाचा प्रभाव काही आठवड्यांत ओसरतो, लेसरचा डाग कायम राहतो.

यावरून प्रस्तुत लेखकाचे मत असे, की वर्धा जिल्ह्यातील कोरडवाहू शेतकऱ्याच्या नववाहिनी-विकृतीवर १९७६ मध्ये सिद्ध झालेले प्रकाशदाहन हाच आजही पहिला उपचार असावा आणि अंतःक्षेपणाची जोड शोफ असेल तेथे द्यावी. याला मागासलेपणा म्हणणे चूक आहे. दोन उपचारांची तुलना करताना ते चुकल्यास काय होते, हाही तुलनेचा भाग आहे. भारतीय ग्रामीण रुग्णांत, सोडून गेलेल्यांचाही शेवटपर्यंत मागोवा घेणारी अशी चाचणी व्हावयास हवी. गावागावांशी जुने संबंध असलेल्या संस्थांना ती महानगरातील रुग्णालयांपेक्षा अधिक साधेल, कारण न आलेला रुग्ण कोणत्या वेटाळात राहतो हे त्यांच्या गावपातळीवरील कार्यकर्त्यांना ठाऊक असते.

व्याप्ती : नागपूरच्या सूरज नेत्रसंस्थेने २००६–०८ या काळात नागपूरपासून सु. ४० किमी. अंतरावरील आठ खेड्यांत तीस व त्याहून अधिक वयाच्या ४,७११ व्यक्तींची तपासणी केली. मध्य भारत नेत्र व वैद्यकीय अध्ययन या नावाने ते प्रसिद्ध आहे. विदर्भातील खेड्यांच्या जालपटलाविषयी त्याच्याइतकी तपशीलवार माहिती अन्यत्र मिळत नाही. त्या वेळी या खेड्यांत मधुमेह विरळ असल्याने मधुमेहजन्य जालपटल-विकृतीचे प्रमाणही अल्प होते. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दहा राज्ये व एका केंद्रशासित प्रदेशातील पाहणीत चाळिशी ओलांडलेल्या मधुमेही व्यक्तींपैकी १२·५ टक्के व्यक्तींत ही विकृती व ४ टक्क्यांत दृष्टीला धोका पोहोचविणारी अवस्था आढळली. दोन्ही पाहण्यांच्या पद्धती वेगळ्या असल्याने आकड्यांची थेट तुलना करता येत नाही.

अपुऱ्या दिवसांच्या बालकांतील विकृती : चिकित्सालयीन संशोधनाचे मोल व त्याच्या मर्यादा या विकृतीच्या इतिहासात जितक्या ठळकपणे दिसतात तितक्या अन्यत्र क्वचितच दिसतील. गर्भाच्या जालपटलातील वाहिन्या नवव्या महिन्याच्या सुमारास कडेपर्यंत पोहोचतात. मूल लवकर जन्मल्यास ही वाढ अर्धवट राहते. १९४२ मध्ये बॉस्टन येथे अशा बालकांतील अंधत्वाचे प्रथम वर्णन झाले आणि पुढील दशकभरात जगात सु. १०,००० बालके त्याला बळी पडली असा अंदाज आहे. उबवणपेटीतील मुक्त ऑक्सिजन हे कारण असावे, असा संशय १९५१ मध्ये मेलबर्न येथील केट कँबेल यांनी मांडला. वॉशिंग्टन येथील आर्नल पॅट्झ यांनी काही बालकांना भरपूर व काहींना बेताचा ऑक्सिजन देऊन तुलना आरंभिली, तेव्हा बालकांना प्राणवायूपासून वंचित ठेवले जात आहे या समजुतीने काही परिचारिका रात्री ऑक्सिजन वाढवून ठेवीत. त्यांच्या कणवेत खोट नव्हती. परंतु ती कणवच बालकांचे डोळे घालवीत होती. पुढे अमेरिकेतील १८ रुग्णालयांच्या संयुक्त चाचणीने १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास ऑक्सिजनाचा दोष निश्चित केला.

येथे गोष्ट संपली नाही. ऑक्सिजन सर्रास कमी करण्यात आला आणि अंधत्व घटले. पण श्वसनदोषाने दगावणाऱ्या बालकांची संख्या वाढली. वाचविलेल्या प्रत्येक दृष्टीमागे सु. १६ बालके मरण पावली असावीत, असा हिशेब ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिक के. डब्ल्यू. क्रॉस यांनी १९७३ मध्ये मांडला. पहिल्या चाचणीने मृत्यूंकडे पुरेसे लक्ष दिले नव्हते. योग्य मात्रा कोणती, याचा शोध २०१० नंतरच्या चाचण्यांतही चालू राहिला. कमी मात्रेत विकृती घटते व मृत्यू वाढतात, हाच पेच त्यांत पुन्हा आढळला.

भारतात नवजात बालकांसाठी जिल्हा पातळीवर विशेष कक्ष उघडल्यापासून पूर्वी न जगणारी मुले जगू लागली आहेत आणि त्याबरोबर ही विकृतीही जिल्ह्याजिल्ह्यांत पोहोचली आहे. पाश्चात्त्य देशांत ती प्रामुख्याने अत्यंत लहान बालकांत दिसते. आपल्याकडे ऑक्सिजनाचे नियमन सर्वत्र सारखे नसल्याने तुलनेने वजनदार बालकांतही ती आढळते. म्हणून २,००० ग्रॅ. पेक्षा कमी वजनाच्या किंवा ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या प्रत्येक बालकाचे जालपटल तिसाव्या दिवसाच्या आत तपासावे, असा संकेत येथे रूढ आहे. लेसरची वेळ साधल्यास बहुतेक डोळे वाचतात. ही वेळ मात्र थोड्या दिवसांची असते. बाळंतीण माहेरी आणि पत्ता सासरचा, एवढ्या कारणानेही ती चुकू शकते.

दात्रकोशिका-विकारातील जालपटल : विदर्भाच्या दृष्टीने हा विषय विशेष महत्त्वाचा आहे. नागपूर येथील आर. एन. शुक्ला व बी. आर. सोळंकी यांनी १९५८ मध्ये मध्य भारतातील या आनुवंशिक रक्तविकाराची नोंद प्रसिद्ध केली. ऑक्सिजन कमी पडला की यातील तांबड्या कोशिका विळ्याच्या आकाराच्या व ताठर बनतात आणि जालपटलाच्या कडेच्या सूक्ष्म वाहिन्यांत अडकतात. बंद वाहिन्यांच्या सीमेवर समुद्रपंख्यासारखी पसरणारी नव्या वाहिन्यांची जाळी फुटते. अमेरिकन नेत्रवैद्य मॉर्टन गोल्डबर्ग यांनी १९७१ मध्ये या विकृतीच्या पाच अवस्था ठरवून दिल्या. मधुमेहाहून येथे एक भेद आहे : या जाळ्या पुष्कळदा आपोआप वाळून जातात. त्यामुळे प्रत्येकीवर उपचार करणे म्हणजे कित्येक डोळ्यांना विनाकारण भाजणे होय. जमेकातील ११६ रुग्णांच्या १७४ डोळ्यांवरील चाचणीत (१९९१) विखुरलेल्या लेसर-दाहनाने काचाभ पिंडातील रक्तस्राव व त्यामुळे होणारा दृष्टिनाश घटल्याचे दिसले. जमेकातील रुग्णांत विकाराचे जे मिश्र रूप जालपटलाला सर्वाधिक घातक ठरते ते भारतात क्वचितच असते. उलट येथील रुग्णांत गर्भावस्थेतील हीमोग्लोबिनाचे प्रमाण अधिक असल्याने विकार सौम्य असतो, असे दीर्घकाळ मानले गेले. नागपूर येथील बालरुग्णांच्या अध्ययनांत तीव्र लक्षणेही पुष्कळ आढळल्याने हे मत आता जसेच्या तसे स्वीकारता येत नाही. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय दात्रकोशिका पांडुरोग निर्मूलन अभियानात रक्ततपासणीवर भर आहे. बाधित आढळलेल्या किशोरवयीनांचे नेत्रतल पाहण्याची त्याला जोड मिळाल्यास विदर्भातील रुग्णांत ही विकृती प्रत्यक्षात किती आढळते, हे ठरविता येईल.

अन्य विकार : तरुण पुरुषांत जालपटलाच्या नीलांभोवती दाह होऊन वारंवार रक्तस्राव होतो, त्यास ईल्स विकार म्हणतात. ब्रिटिश नेत्रवैद्य हेन्री ईल्स यांनी १८८० मध्ये त्याचे वर्णन केले. पश्चिमेत तो आता दुर्मिळ असला, तरी भारतात तसा नाही. क्षयाशी त्याचा संबंध फार दिवसांपासून संशयिला जात होता. चेन्नई येथील शंकर नेत्रालयातील संशोधकांना या रुग्णांच्या जालपटलावरून काढलेल्या पडद्यांत क्षयजंतूंचे जननिक द्रव्य आढळल्याने त्याला पुष्टी मिळाली आहे. जालपटल सुटण्याच्या विकारात मूळ छिद्र बुजविणे हाच उपचार, हे स्विस नेत्रवैद्य झ्यूल गोनँ यांनी १९२० नंतरच्या दशकात दाखवून दिले. १९७० मध्ये रॉबर्ट माखेमर यांनी मायामी येथे काचाभ पिंड कापून काढण्याची शस्त्रक्रिया सुरू केल्यापासून पूर्वी असाध्य मानलेले डोळेही हाताळता येतात. रंजकयुक्त जालपटल-विकृती या रातांधळेपणाने सुरू होणाऱ्या आनुवंशिक रोगावर सर्वसामान्य उपचार अद्याप नाही. २०१७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेला जननिक उपचार एका विशिष्ट जनुकाच्या दोषापुरताच आहे.

चाळणी-तपासणी : लक्षणे दिसण्यापूर्वी विकृती शोधावयाची, तर मधुमेही व्यक्तींचे जालपटल वर्षातून एकदा पाहावयास हवे. इतके नेत्रवैद्य देशात नाहीत. म्हणून छायाचित्रे तंत्रज्ञाने घ्यावीत व ती दूरस्थ तज्ज्ञाने किंवा संगणकाने वाचावीत, असे प्रयोग सुरू झाले. बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या दवाखान्यांत आरोग्य कर्मचाऱ्यांनी भ्रमणध्वनीला जोडलेल्या कॅमेऱ्याने छायाचित्रे घेतली व आंतरजालाची गरज नसलेल्या संगणकीय प्रणालीने ती वाचली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अध्ययनात पुढील उपचारासाठी पाठविण्याजोगी विकृती असलेला एकही रुग्ण प्रणालीने सोडला नाही. विकृती नसलेल्यांपैकी सु. ८८ टक्क्यांना तिने बरोबर वगळले. रुग्णसंख्या दोनशेच्या थोडी वर होती, हे लक्षात घ्यावे लागते. थायलंडमधील ग्रामीण चिकित्सालयांत अशाच दुसऱ्या प्रणालीने सु. एकपंचमांश छायाचित्रे अस्पष्ट म्हणून नाकारली, असा अनुभव २०२० मध्ये नोंदविला गेला. विदर्भातील वृद्ध रुग्णांत मोतीबिंदूमुळे हे प्रमाण कमी असण्याचे कारण नाही. ज्याचे छायाचित्र वाचता येत नाही त्याला निरोगी न समजता तज्ज्ञाकडे पाठवावे, हा नियम म्हणूनच पाळावा लागतो. चाळणी-तपासणीच्या वृत्तांतांत किती व्यक्तींची छायाचित्रे घेतली हा आकडा नेहमी पुढे असतो. त्यांपैकी किती जणांना प्रत्यक्ष लेसर वा अंतःक्षेपण मिळाले आणि वर्षभरानंतर त्यांना किती दिसत होते, हे दोन आकडे त्याच कोष्टकात छापण्याची पद्धत अजून पडलेली नाही.